जुन्या कार्डाची वसुली, मेहुण्याचा जामीन आणि घराचे कर्ज: आधी कोणाकडे बघायचे?

प्रश्न थोडक्यात: मी सोलापुरात नीलमनगरला राहतो, गारमेंटमध्ये कटिंग मास्तर आहे. २०२१ च्या मे महिन्यात लॉकडाऊनमुळे काम बंद पडले आणि क्रेडिट कार्डाचे ४६,००० रुपये थकले. २०२३ च्या दिवाळीत तगादा फार वाढला म्हणून यूपीआयने २,००० भरले, त्यानंतर काही नाही. आता बँकेऐवजी दुसऱ्याच कंपनीच्या नावाने फोन येतात. १,३८,००० बाकी सांगतात आणि म्हणतात, "आज संध्याकाळपर्यंत ३५,००० टाका, फाइल बंद, नाहीतर पोलीस घरी येतील." माझ्या मालकालाही फोन केला. मेहुण्याच्या पतसंस्थेच्या कर्जाला मी जामीन आहे. त्याचेही हप्ते थकलेत, पण ते माझ्या सिबिलमध्ये दिसत नाही. बायको विड्या वळते, तिचे गटकर्ज चालू आहे आणि हप्ते वेळेवर जातात. कुंभारीकडे घर घ्यायचे आहे, पण सिबिल ५८० म्हणून बँकेने परत पाठवले. एक मित्र म्हणतो, तीन वर्षे झाली, कर्ज बुडाले, एक रुपया देऊ नको. ३५,००० माझ्याकडे नाहीत, उसने काढावे लागतील. भरू का?

उत्तर:

आज संध्याकाळी भरू नका. उसने काढून तर मुळीच नको.

मी बरीच वर्षे एका सहकारी बँकेच्या वसुली विभागात काढली, आता कर्जदारांची कागदपत्रे बघून देतो. तुमच्या पत्रात तीन कर्जे आहेत आणि तुम्ही ती आवाजाच्या क्रमाने लावली आहेत. कार्डवाला सगळ्यात जास्त ओरडतो म्हणून तो पहिला, पतसंस्था गप्प म्हणून तिच्यावर एकच ओळ, आणि गटकर्ज सुरळीत चालले आहे म्हणून ते जाता जाता. कोण काय करू शकतो या हिशोबाने बघितले तर क्रम बरोबर उलटा लागतो. कार्डवाल्याच्या हातात आज फोनशिवाय काही नाही. पतसंस्थेच्या हातात कोर्टाची पायरी न चढता तुमच्या दारात जप्ती आणायचा कायदा आहे. आणि गटकर्जाचा एक हप्ता चुकला तर तुमच्या घरातला एकमेव स्वच्छ पतइतिहास डागाळेल.

तरी सुरुवात कार्डापासूनच करतो, कारण झोप त्याने उडवली आहे.

पहिले काम, तुमचा पतअहवाल स्वतः काढा. बँकेच्या साहेबाने पडद्यावर ५८० दाखवले तो फक्त आकडा झाला, पूर्ण अहवाल वेगळा असतो. देशात चार पतमाहिती कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. आपण सरसकट सगळ्याला सिबिल म्हणतो, पण चौघांकडची माहिती तंतोतंत एकच असेल असे नाही. रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. त्यांच्या संकेतस्थळावर पॅन आणि मोबाइल नंबर टाकून मिळतो. त्यासाठी कोणाला पाचशे-हजार देऊ नका.

अहवालात त्या कार्डाचे खाते शोधा आणि चार गोष्टी वहीत उतरवून घ्या. खाते आज कोणाच्या नावावर दिसते, शेवटचा भरणा कोणत्या तारखेचा आहे, थकबाकी किती दाखवली आहे, आणि खात्याच्या स्थितीपुढे कोणता शेरा आहे. खाली महिन्यांचे चौकोन असतात, ३६ महिन्यांपर्यंतचे. त्यात हप्ता किती दिवस उशिरा गेला ते लिहिलेले असते. ९० दिवस उलटले की खाते एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होते. 'एक्सएक्सएक्स' दिसले तर त्या महिन्याची माहिती बँकेने कळवलेलीच नाही, एवढाच अर्थ.

शेऱ्याच्या जागी बहुधा 'रिटन ऑफ' असेल. हा शब्द बघून अर्धे लोक खूश होतात की बँकेने माफ केले. तसे काही नसते. बँकेने आपल्या ताळेबंदातून ती रक्कम बाजूला काढली, इतकेच. तुमच्याकडचे येणे तसेच राहते आणि घरकर्ज देणाऱ्याच्या नजरेला हा शेरा सगळ्यात आधी खुपतो. 'अकाउंट सोल्ड' असे काही असेल तर बँकेने ते येणे दुसऱ्या कंपनीला, बहुधा मालमत्ता पुनर्रचना कंपनीला, विकले आहे.

आता फोन करणारा कोण, हे ठरवता येईल. शक्यता तीनच. एक, कर्ज अजून बँकेचेच आहे आणि फोनवाला तिचा कमिशनवर नेमलेला एजंट आहे. तसे असेल तर पैसे फक्त बँकेच्या कार्ड खात्यात जायला हवेत. दोन, कर्ज विकले गेले आहे. मग विकल्याचे पत्र मागायचे आणि पैसे त्या कंपनीच्याच खात्यात. तीन, कुठून तरी यादी मिळवलेला भामटा. त्याच्या बाबतीत पैशाचा प्रश्नच येत नाही. तिन्ही प्रकारांत एजंटच्या स्वतःच्या यूपीआयवर किंवा त्याने पाठवलेल्या क्यूआर कोडवर रुपयाही टाकायचा नाही. असे भरलेले पैसे बँकेच्या खात्यात कधीच पोहोचले नाहीत, अशी प्रकरणे मी दोन्ही बाजूंनी पाहिली आहेत. पावती म्हणून माणसाकडे काय असते, तर मोबाइलमधला स्क्रीनशॉट.

"आजच भरा" यातला आज तुमचा नसतो, एजंटच्या महिनाअखेरच्या टार्गेटचा असतो. आज ३५,००० ला तयार असलेला माणूस पुढच्या महिन्यात "ऑफर संपली, आता ७०,०००" म्हणतो आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा ३५,००० वर येतो, कधी खालीही. त्यामुळे त्या तारखेची भीती डोक्यातून काढा.

बँकेच्या तक्रार विभागाच्या ईमेलवर आणि फोनवाल्या कंपनीलाही हे पत्र पाठवा. मराठीत पाठवले तरी चालते:

> "माझ्या जुन्या क्रेडिट कार्ड खात्यासंबंधी आपल्या नावाने मला फोन येत आहेत. कृपया पुढील माहिती लेखी द्यावी. सध्या या खात्याचे येणे कोणाचे आहे. ते हस्तांतरित झाले असल्यास त्याचे पत्र. थकल्या दिवसाची मूळ रक्कम, त्यानंतरचे व्याज, शुल्क आणि कर यांचा वेगवेगळा तपशील. मी भरलेल्या रकमांची नोंद. आणि वसुलीसाठी नेमलेल्या एजन्सीचे नाव व अधिकारपत्र. ही माहिती मिळेपर्यंत फोनवर रकमेची चर्चा करता येणार नाही. हे पत्र म्हणजे कोणत्याही रकमेची कबुली नाही."

शेवटचे वाक्य गाळू नका. ते का, ते मित्राच्या सल्ल्यापाशी आल्यावर समजेल.

मित्र म्हणतो तीन वर्षांत कर्ज बुडते. त्याचे अर्धे बरोबर आहे. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे पैशाच्या वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो. पण तुमच्या बाबतीत दोन गोष्टी त्याला माहीत नाहीत. कोविडच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला. तुमची थकबाकी २०२१ च्या मे महिन्यातली, म्हणजे घड्याळ सुरूच झाले १ मार्च २०२२ ला. तीन वर्षे धरली तर २०२५ च्या फेब्रुवारीअखेर. आणि त्याच्या आत, २०२३ च्या दिवाळीत, तुम्ही २,००० भरलेत. मुदतीच्या आत अंशतः भरणा केला आणि त्याचा भरणाऱ्याकडून लेखी पुरावा असला, तर तिथून नवी तीन वर्षे मोजली जातात. यूपीआयची नोंद हा तसा पुरावा होतो का, यावर वकील वाद घालू शकेल. तुम्ही मात्र त्यावर विसंबू नका. २०२६ च्या नोव्हेंबरपर्यंत दावा लागू शकतो असे धरूनच चाला. "निदान पाचशे तरी टाका, तुमची इच्छा दिसू द्या" असा आग्रह एजंट का धरतो, हे आता लक्षात आले असेल.

मुदत संपून गेलेली असती तर? तेव्हा नुसत्या पाचशे रुपयांनी ती परत जिवंत होत नाही, पण सहीनिशी "मी इतके देईन" असे लिहून दिले तर नवा करार उभा राहतो. म्हणून कबुलीचे कागद सही करण्याआधी कोणाला तरी दाखवावेत.

आणि एक गोष्ट मित्र विसरला. मुदत संपल्याने कोर्टाचा रस्ता बंद होतो, अहवालातली ओळ पुसली जात नाही. पतमाहिती कंपन्या नोंद किमान सात वर्षे ठेवतात. घर घ्यायचेच नसते तर गप्प बसणे हा एक हिशोब होऊ शकला असता. तुम्हाला घर घ्यायचे आहे, तेव्हा ही ओळ मिटवावीच लागेल. प्रश्न एवढाच की कितीत आणि कोणत्या शेऱ्याने.

मूळ ४६,००० चे १,३८,००० कसे झाले, असे तुम्ही विचारलेले नाही, पण मनात असणारच. कार्डावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते, त्यावर उशिराचे शुल्क आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. काही जण अजून सांगतात की कार्डावर ३० टक्क्यांच्या वर व्याज घेताच येत नाही. ग्राहक आयोगाचा तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला, त्यामुळे तो मुद्दा घेऊन भांडायला जाऊ नका. तडजोडीत मात्र ही व्याजाची फुगवटीच कमी होत असते. माझा अनुभव असा की मूळ रकमेच्या आसपास बोलणी सुरू केली तर समोरचा ऐकतो.

तडजोड झाली तर दोन शेरे शक्य असतात, आणि तुमचा सगळा व्यवहार या दोन शब्दांवर उभा आहे. 'सेटल्ड' म्हणजे येणे होते त्याहून कमी घेऊन मिटवले. 'क्लोज्ड' म्हणजे येणे पूर्ण फिटले. एजंट फोनवर "फाइल बंद" म्हणतो तेव्हा नव्वद टक्के वेळा त्याला 'सेटल्ड' म्हणायचे असते, आणि घरकर्जाचा अधिकारी 'सेटल्ड' बघितले की पुढचे पान उलटत नाही. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या तडजोडीच्या चौकटीप्रमाणे, ज्या संस्थेने तडजोड केली तिने त्या कर्जदाराला नवे कर्ज देण्याआधी किमान १२ महिने थांबायचे असते, शेतीकर्ज सोडून. बाकीच्या बँका आपापल्या नियमाने थांबतात, काही जास्तच थांबतात.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर ३५,००० मध्ये आज 'सेटल्ड' घेतले नसते. सहा-आठ महिने पैसे बाजूला टाकले असते आणि मूळ रक्कम अधिक थोडे व्याज देऊन "खाते पूर्ण फिटले असे सर्व पतमाहिती कंपन्यांना कळवू" हे वाक्य तडजोडीच्या पत्रातच लिहून घेतले असते. ते सगळेच देतात असे नाही. नाही दिले तर निदान 'सेटल्ड'ची किंमत म्हणून रक्कम आणखी खाली आणता येते. आणि पुढे सवड झाली की माफ झालेला फरक भरून शेरा 'क्लोज्ड' करून मागता येतो. कर्जदाराला हे सहसा कोणी सांगत नाही.

क्रम मात्र पक्का ठेवा. आधी संस्थेच्या लेटरहेडवर तडजोडीचे पत्र, त्यात खाते क्रमांक, रक्कम, तारीख आणि शेरा. मग बँकेतून भरणा. मग नो ड्यूज दाखला. बँका आणि वित्त कंपन्यांनी पतमाहिती कंपन्यांना निदान पंधरवड्याला माहिती कळवायची असते. तो नियम जानेवारी २०२५ पासूनचा. त्यामुळे महिना-दीड महिन्यात अहवाल पुन्हा बघा. शेरा बदललेला नसेल तर पतमाहिती कंपनीकडे ऑनलाइन तक्रार टाका, दाखला जोडा. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी, असा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही त्यांच्या कक्षेत आहेत.

नव्या पेठेत, सात रस्त्याला "महिन्यात सिबिल वाढवून मिळेल" अशी भिंतीवर चिकटवलेली कागदं दिसतात. खरी नोंद फक्त कर्ज देणारी संस्थाच बदलू शकते. त्या माणसाला तुमच्याइतकाच अधिकार आहे, म्हणजे तक्रार करण्याचा.

पोलिसांबद्दल. कार्डाची थकबाकी हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी अटक होत नाही. दोन अपवाद ध्यानात ठेवा: तुम्ही दिलेला चेक वटला नाही, किंवा खात्यातून हप्ता वळवण्याचा दिलेला आदेश पैशाअभावी परत गेला, तर फौजदारी तक्रार होऊ शकते. चेकच्या बाबतीत लेखी नोटीस आल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात. म्हणून तडजोडीच्या नावाखाली पुढच्या तारखांचे चेक देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या "कोर्ट नोटीस", "वॉरंट" यांवर शिक्का कितीही मोठा असला तरी आधी ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर आपल्या नावाने शोधा, नाहीतर जिल्हा न्यायालयात जाऊन विचारा. लवादाची म्हणजे आर्बिट्रेशनची नोटीस आली तर मात्र कचऱ्यात टाकू नका. त्याचा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच अंमलात येतो.

लोकअदालतीच्या नोटिशीने लोक उगाच घाबरतात. दावा लागण्याआधीची प्रकरणे तिथे ठेवली जातात. नाही गेलात म्हणून वॉरंट निघत नाही, आणि गेलात तर बँकेचा अधिकार असलेला माणूस समोर बसतो, जो फोनवर कधीच मिळत नाही. फक्त तिथे सही केलेली तडजोड अंतिम असते, तिच्यावर अपील नाही. झेपेल तेवढ्यालाच सही करा.

घरात शिरून सामान उचलण्याचा अधिकार कार्डवाल्याला नाही. उद्या दावा जिंकून हुकूमनामा आणला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाने स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारे आणि धार्मिक रिवाजाने बाईने अंगावेगळे करू नये असे दागिने जप्तीतून वगळलेले आहेत. तुमच्या कात्र्या आणि वहिनींचे मंगळसूत्र सुरक्षित आहे, एवढे त्यांना सांगा.

मालकाला फोन करणे हा सरळ नियमभंग आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला मनाई केली आहे; चारचौघांत अपमान करणे, नातेवाईक-मित्रांना त्रास देणे, धमकीचे मेसेज पाठवणे यालाही. कॉल रेकॉर्ड करा, मालकाच्या मोबाइलमधल्या कॉलचा स्क्रीनशॉट घ्या आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर लोकपाल. तक्रारीने कर्ज कमी होत नाही, पण आवाज खाली येतो, आणि बोलणी करताना तक्रारीचा क्रमांक हाताशी असणे बरे.

आता पतसंस्था. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

"सिबिलमध्ये दिसत नाही" हे वाक्य तुम्ही दिलासा म्हणून लिहिले आहे. ते काढून टाका. करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्थेने आधी मेहुण्यामागे लागावे, मग तुमच्यामागे, अशी सक्ती तिच्यावर नाही. आणि जो स्थिर कमावतो, राहतो त्याच पत्त्यावर सापडतो, त्याच्याकडेच वसुली अधिकारी आधी जातो. मीही तेच करत होतो.

पतसंस्थेला दिवाणी दावा लावावा लागत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली ती सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयाकडे अर्ज करते, कर्जदार आणि जामीनदार यांना नोटीस जाते, थोडक्यात सुनावणी होते आणि वसुली दाखला निघतो. यालाच सगळे "१०१ चा दाखला" म्हणतात. तो हातात आला की कलम १५६ आणि नियम १०७ खाली विशेष वसुली अधिकारी मागणी नोटीस, जप्ती, लिलाव या वाटेने निघतो. दाखल्याविरुद्ध दाद मागायची तर आधी वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के रक्कम भरावी लागते. म्हणजे बोलायची वेळ सुनावणीची. त्यानंतर बोलणे महाग पडते. निबंधक कार्यालयाचा लखोटा आला आणि "माझे कर्ज नाही" म्हणून परत पाठवला, असे करणारे जामीनदार सोलापुरात गल्लोगल्ली सापडतील.

या आठवड्यात पतसंस्थेत जा. कर्जखात्याचा उतारा लेखी मागा, तारण काय आहे ते बघा, १०१ चा अर्ज झाला आहे का ते विचारा. सहकार खात्याची एकरकमी परतफेड योजना पतसंस्थांसाठी वेळोवेळी असते, ती चालू आहे का आणि या संस्थेने स्वीकारली आहे का तेही विचारा. मेहुण्याशी बोलायला एकटे जाऊ नका, वहिनींना बरोबर घ्या; त्यांच्या भावाचा विषय आहे, त्यांच्यासमोर झालेले बोलणे टिकते. आणि तुम्हाला काही भरावे लागलेच तर पावतीवर "जामीनदार म्हणून भरणा" आणि तुमचे नाव हवे. मेहुण्याच्या नावाने पावती फाडलीत तर उद्या हे पैसे तुम्ही दिले हे सिद्ध करता येणार नाही. जामीनदाराने पूर्ण फेडले तर संस्थेचे तारणावरचे हक्क त्याच्याकडे येतात आणि कर्जदाराकडून ते पैसे वसूल करता येतात. नात्यात हे वापराल की नाही तो तुमचा प्रश्न, कागद मात्र तयार असू द्या. पतसंस्थेची तक्रार लोकपालाकडे चालत नाही, ती निबंधकाकडेच.

गटकर्जाबद्दल थोडेच. तो हप्ता कशासाठीही चुकवू नका, कार्डासाठी तर नाहीच. जुने थकलेले खाते मिटवायला चालू खात्याचा हप्ता अडवला तर एक जुना डाग पुसून ताजा डाग पाडल्यासारखे होते, आणि अहवालात ताजा डाग जास्त बोचतो. कधी अडचण आलीच तर हे लक्षात ठेवा: सूक्ष्मवित्त कर्जाच्या, म्हणजे अशा गटकर्जाच्या, वसुलीला वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६, आणि ठरलेल्या ठिकाणी लागोपाठ दोन वेळा गैरहजर राहिल्याशिवाय माणूस घरी वसुलीला येऊ शकत नाही.

उसनवारीचे म्हणाल तर, बिनपरवाना सावकाराकडून आठवड्याच्या व्याजाने पैसे काढून कार्ड मिटवणे हा सगळ्यात वाईट मार्ग. कार्डवाला निदान नियमाने बांधलेला आहे. घरात थोडे सोने असेल आणि पतसंस्थेची जप्ती अगदी दारात असेल, तर बँकेचे सोनेतारण त्यापेक्षा परवडते. कार्डासाठी मात्र तेही करू नका.

शेवटी घर. रिझर्व्ह बँकेने घरकर्जाला किमान स्कोअर ठरवून दिलेला नाही, प्रत्येक बँक आपला आकडा ठरवते. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, पण ५८० चे ७५० किती महिन्यांत होतील ते मी सांगणार नाही, कोणी सांगितले तर विश्वासही ठेवू नका. तोवर निरनिराळ्या बँकांत अर्ज टाकत फिरू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते आणि पाच नकार एकाखाली एक दिसले की सहावा सोपा होतो. वहिनींना मुख्य कर्जदार करून घरकर्ज मागता येईल का, हे विचारण्यासारखे आहे. त्यांचा गटकर्जाचा इतिहास क्रिफ हाय मार्ककडे नक्की बघा, सूक्ष्मवित्ताची नोंद तिथे चांगली असते. पण तुमची मजुरी उत्पन्नात धरायची तर तुम्ही सहकर्जदार होणार आणि तुमचाही अहवाल उघडला जाणार. त्यामुळे कार्डाचा शेरा बदलेपर्यंत इसार देऊन बसू नका. बिल्डरचा माणूस "लोन आम्ही करून देतो" म्हणेल. कर्ज नामंजूर झाले तर इसार परत मिळेल, हे त्याच्याकडून लेखी घेतल्याशिवाय पावती फाडू नका.

अहवाल हातात आला की कार्डाच्या खात्याचे पान पाठवा, पॅन आणि खाते क्रमांक झाकून. पतसंस्थेचा उताराही. बोलणी कितीपासून सुरू करायची तो आकडा ते बघून सांगतो.